सरांच्या समोरची खुर्ची

पीएच.डी.साठी मी पनवेलला आले तेव्हा तिथं माझ्या ओळखीचं कोणीच नव्हतं. घर परभणीच्या पलीकडे, लहानशा गावात. वडील तिथल्याच शाळेत शिक्षक. एम.एस्सी. झालं, प्रवेश परीक्षा पास झाले, फेलोशिप मिळाली, आणि ज्या विषयात काम करायचं होतं त्याची प्रयोगशाळा निघाली पनवेलच्या बाहेर, विद्यापीठाच्या एका नव्या केंद्रात. वडील सोडायला आले. तळ्याजवळच्या जुन्या इमारतीत एक खोली बघितली, गादी घेतली, बादली घेतली, आणि संध्याकाळच्या गाडीनं ते परत निघाले. स्टँडवर म्हणाले, "काही लागलं तर फोन कर." गाडी गेल्यावर मी तिथंच एका बाकावर बसून राहिले. खोलीवर जाऊन तरी काय करणार होते?

आमच्या प्रयोगशाळेत सोन्याचे कण बनत. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात ते एका काचेच्या चंबूत उकळणारं फिकट पिवळं पाणी असायचं. त्यात दुसरं एक द्रावण टाकलं की पाणी आधी रंगहीन व्हायचं, मग राखाडी निळसर, आणि सगळं जमलं तर बघता बघता लालभडक, डाळिंबाच्या रसासारखं. तो लाल रंग म्हणजे सोनं. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक कण. भांडं जराही अस्वच्छ राहिलं तर लाल व्हायच्या ऐवजी जांभळं, काळपट काहीतरी व्हायचं आणि ते ओतून द्यावं लागायचं. पहिले काही महिने मी बहुतेक ओतूनच देत होते.

हे कण आम्ही कार्बनच्या एका छोट्या दांडीच्या टोकावर बसवायचो, त्यावर एक विकर, म्हणजे एन्झाइम. मासा मेल्यावर जसजसा शिळा होत जातो तसतसे त्याच्या अंगात काही पदार्थ तयार होतात. दांडी माशाच्या अर्कात बुडवली की विकर ते पदार्थ ओळखतं, आणि संगणकावर एक रेघ वर चढते. रेघ जितकी उंच, तितका मासा शिळा. म्हणजे नाक न लावता मासा ताजा आहे की नाही हे सांगणारं यंत्र बनवायचं होतं. मी जन्मापासून शाकाहारी. मासा पहिल्यांदा हातात घेतला तो त्या प्रयोगशाळेतच.

तिथं आम्ही तिघं होतो. सगळ्यात सीनियर होती ती उरणच्या कोळीवाड्यातली. मी तिला ताई म्हणायची. ती रोज उरणहून एसटीनं यायची, आणि प्रयोगाचा दिवस असला की मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ आणि बांगडे. आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेतून आईला फोन लावायची. "आये, उद्याला बांगडा हाय का? नाय गं, खायला नाय, कामाला. ताजाच पायजे." दुसरा होता तो सोलापूरचा, माझ्याहून दोन वर्षं पुढे, बेलपाड्यात मित्रांबरोबर राहणारा, भारदस्त आवाजाचा, सतत परदेशातल्या जागांसाठी अर्ज करणारा. आणि मी.

बांगडा तासातासानं शिळा होत जायचा आणि आम्ही तासातासानं मोजत बसायचो. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर वास. शेजारच्या प्रयोगशाळेतली मुलं आमच्या दाराशी आली की नाकाला रुमाल लावायची. जेवायला आम्हाला कोणी बोलवत नसे. संध्याकाळी शेअर रिक्षात बसले की शेजारची बाई हळूच पदर सावरून पलीकडे सरकायची. ताई हसायची. तिला सवय होती. मी खोलीवर जाऊन दोनदा अंघोळ करायची तरी केसांना तो वास राहायचा.

आमचे सर पन्नाशीच्या पुढचे, बारीक अंगाचे, नेहमी इस्त्रीचा फुलशर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. बायको काही वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. पनवेलमध्ये एकटेच राहायचे. त्यांचे संशोधन लेख वाचूनच मी इथं आले होते. पण पहिल्याच आठवड्यात मला वाटायला लागलं की या माणसाला मी आवडलेली नाही.

मी "गुड मॉर्निंग सर" म्हणायची. सर निघून जायचे. मी प्रश्न विचारायची. सर हातातल्या कागदाकडे बघत राहायचे, किंवा मान डोलावून भलतंच काही सांगायचे. तोच प्रश्न सोलापूरच्या मुलानं विचारला की थांबून, फळ्यावर काढून, सविस्तर उत्तर. पहिल्यांदा माझं द्रावण लाल झालं त्या दिवशी मी चंबू दोन्ही हातांत धरून त्यांच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेले. "सर, झालं," म्हणाले. "सर, लाल झालं." सर आपल्या केबिनमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं. मी तो गरम चंबू घेऊन दारासमोर उभी.

माझ्या मनानं त्याची कारणं शोधली. एक तर मी मुलगी. दुसरं म्हणजे माझं बोलणं. 'काय करायलास', 'कधी आलतीस' असं मी बोलायला लागले की शेजारची मुलं हसायची, वाईट हेतूनं नाही, पण हसायची. मग मी बोलणं कमी केलं, आणि जे बोलायची ते हळू. ताई म्हणायची, "अगं, सरांशी जरा मोठ्यानं बोल. तुझा आवाज घेऊन आमच्या बाजारात बसलीस तर पाटी भरलेलीच घरी नेशील." ती चेष्टा करतेय असंच मला वाटायचं. तिचा स्वतःचा आवाज असा खणखणीत की खालच्या मजल्यावर ऐकू जायचा. तिच्याशी सर बोलायचे. त्याचाही मला राग यायचा.

रविवारी मी तळ्याभोवती फिरायची. तळ्याच्या काठावर घरंच्या घरं आलेली असायची, मुलं, आज्या, भेळेच्या गाड्या. एक चक्कर मारली की पुन्हा दुसरी. आईचा फोन यायचा. "काय करायलीस माय?" "काही नाही, फिरायले." "कोण आहे संग?" "मैत्रीण आहे," मी म्हणायची. मग आई म्हणायची, "दे बरं तिला फोन," आणि मला काहीतरी सांगून फोन ठेवावा लागायचा.

मी आल्यानंतर दुसऱ्या वर्षी ताईचा प्रबंध झाला आणि तिला तळोज्याला एका कंपनीत तपासनीस म्हणून नोकरी लागली. जाताना तिनं मला बांगडा कसा निवडायचा ते शिकवलं, डोळा बघ, कल्ला उचलून बघ, आणि आईचा नंबर दिला. "तुला काय लागंल ते तिला सांग. मी नाय म्हणून लाजू नको." काही महिन्यांनी सोलापूरच्या मुलाला कोरियाचं बोलावणं आलं. त्याच्या निरोपाला समोसे आणि केक होता. सर त्याच्याबद्दल छान बोलले. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं तेव्हा तीन टेबलांपैकी दोन रिकामी होती, आणि एका टेबलावर त्यानं विसरलेला मोबाइलचा चार्जर होता.

नवीन मुलं आमच्याकडे यायला तयार नव्हती. सर घमेंडी आहेत, विद्यार्थ्यांना उत्तर देत नाहीत, असं विभागात पसरलं होतं. एक मुलगी आली, दोन महिने टिकली आणि गाइड बदलून गेली. मग त्या एवढ्या मोठ्या खोलीत मी एकटी. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. हवा काढणारे पंखे दिवसभर घरघरत असायचे. मी दांडीचं टोक मखमली कापडावर पांढऱ्या पावडरीत इंग्रजी आठचा आकार काढत घासत बसायची. कितीतरी दिवस असे जायचे की संध्याकाळी रिक्षावाल्याला "तळ्याजवळ" सांगताना माझ्या लक्षात यायचं, आज आपण तोंडातून काढलेला हा पहिलाच शब्द.

लाइट गेली की पंखे बंद व्हायचे. त्या काळात लाइट बऱ्याचदा जायची. तेव्हा सर कधीकधी केबिनबाहेर यायचे आणि माझ्याशी चक्क दोन वाक्यं बोलायचे. प्रयोग थांबल्यामुळे त्यांना कंटाळा येत असेल, असा माझा समज.

मग ती दुपार आली. प्रयोगशाळेत एक स्टीलचं भांडं होतं, पाण्यानं भरलेलं. सुरू केलं की त्यात ध्वनिलहरींनी थरथर व्हायची आणि एकमेकांना चिकटलेले कण सुटे व्हायचे. सोनिकेटर म्हणतात त्याला. त्याचा आवाज भयंकर. पत्र्यावर खिळा ओढत राहावा तसा, बारीक, तीक्ष्ण, थेट दातांत जाणारा. आम्ही ते सुरू करून झाकण लावायचो आणि खोलीबाहेर पळायचो. त्या दिवशी मी ते सुरू केलं, झाकण लावायचं राहिलं, आणि मी बेसिनवर भांडी धुवायला गेले. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत तो आवाज येत होता. तिथला शिपाई ओरडला, "ओ मॅडम, बंद करा की ते!" मी हात पुसत धावत आले.

सर सोनिकेटरच्या शेजारी स्टुलावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. हातात एक लेख होता, पेन्सिलनं खुणा करत होते. त्यांच्या कोपरापासून ते भांडं वीतभर अंतरावर किंचाळत होतं.

"सर, बंद करू का?" मी म्हणाले.

काही नाही.

"सर?"

टेबलावरचा फोन वाजायला लागला. तोही त्यांच्या हाताशीच. वाजून वाजून बंद पडला. सरांनी पेन्सिलनं एका ओळीखाली रेघ मारली आणि पान उलटलं.

मी तिथंच उभी राहिले. दोन वर्षांतली एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून जायला लागली. सोलापूरच्या मुलाचा जाड आवाज. ताईचा खणखणीत आवाज. कॉरिडॉरमधून पुढे जाणारी सरांची पाठ. लाइट गेल्यावरची ती दोन वाक्यं.

सरांना माझी चाहूल लागली असावी, किंवा माझी सावली कागदावर पडली. ते दचकून वळले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग शेजारच्या भांड्याकडे. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि तळवा त्या भांड्याच्या बाजूला टेकवला, ताप बघावा तसा.

"चालू आहे हे," ते म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी बटण बंद केलं, कागद गोळा केले आणि केबिनमध्ये गेले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलासमोरची खुर्ची त्यांनी खिडकीच्या बाजूला सरकवून ठेवली होती, म्हणजे बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी.

"बसा," ते म्हणाले. "सावकाश बोला, आणि माझ्याकडे बघून बोला. कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"कालपासून."

"बाकी कोणाला?"

"कोणालाच नाही, सर."

त्यांनी टेबलावरच्या काचेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आधी बारीक आवाज गेले. पक्षी, घड्याळं. मग बायका, मुलं. पुरुषांचे आणि तुमच्या ताईंसारखे मोठे आवाज अजून थोडेफार येतात, पंखे बंद असले तर जरा जास्त. लाइट गेली की वाटायचं आता ऐकू येईल, पण तुमचा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. ओठ हलताना दिसायचे, पण तुम्ही मान खाली घालून बोलता."

मी म्हणाले, "सर, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर नाराज आहात."

त्यांना ते समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. या वेळी समजलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाराज?" ते म्हणाले. "तुम्ही पहिला लाल चंबू केलात तो मी दुसऱ्या दिवशी रॅकवर बघितला. मला वाटलं, ही मुलगी सांगायलाही आली नाही."

कानात लावायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. ड्रॉवर उघडून दाखवलं. ते लावलं की पंख्यांची घरघर इतकी मोठी होते की डोकं फुटतं, म्हणाले. दुसरं कारण त्यांनी जरा वेळानं सांगितलं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. शिकवणं काढून घेतील, विद्यार्थी द्यायचे बंद करतील, आणि मग घरी बसून करायचं काय? "घरी कोणी बोलायला नाही, त्यामुळे तिथं अडत नाही," ते म्हणाले. "इथं अडतं." मी कोणाला सांगू नये अशी त्यांची इच्छा होती. मला सांगायला तरी कोण होतं?

त्यानंतर आमचं काम वेगळ्या तऱ्हेनं सुरू झालं. रोज सकाळी मी त्या खुर्चीत बसायची आणि आदल्या दिवशी काय झालं ते सांगायची. सर ओठांकडे बघायचे. जिथं अडेल तिथं मी जुन्या गाळणकागदावर पेन्सिलनं लिहायची. ओठांवरून वाचताना प, ब आणि म सारखेच दिसतात हे मला तेव्हा कळलं. एकदा तापमापक फुटला आणि मी पळत जाऊन सांगितलं, "सर, पारा सांडला!" सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "बारा वाजले? मग जेवून घ्या." मी पुन्हा म्हणाले. ते म्हणाले, "मारा? कोणाला मारा?" शेवटी मी त्यांना हाताला धरल्यासारखं करून टेबलाखालचे ते चमकणारे गोळे दाखवले. मग आम्ही दोघंही हसलो. सरांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज न करता हसायचे ते, फक्त खांदे हलायचे.

कामाचं बोलणं संपलं की ते उठून जात नसत. "घरी कसे आहेत?" विचारायचे. मग मी सांगायची. आमच्या विहिरीबद्दल, वडिलांच्या शाळेबद्दल, धाकटी बहीण अभ्यास करत नाही त्याबद्दल. 'आलते', 'गेलते' तसंच बोलायची. त्यांना माझा हेल ऐकूच येत नव्हता. पनवेलला आल्यापासून मी बोलताना कोणी माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघितलं नव्हतं. एक शब्द चुकला तरी ते थांबवायचे, "पुन्हा सांगा." बहिणीच्या नापास होण्याची गोष्ट मी तीनदा सांगितली असेल, ती त्यांना नीट कळावी म्हणून.

पण त्या खुर्चीतून उठले की पुन्हा तीच रिकामी खोली, तीच घरघर. आणि आता तर मी विभागातही कोणाशी फार बोलेनाशी झाले. सरांबद्दल कोणी काही विचारलं तर तोंडून निघून जाईल याची भीती. मुलं त्यांची नक्कल करायची, प्रश्न एक आणि उत्तर दुसरंच अशी. मी तिथून उठून जायची. माझ्याबद्दलही बोलत असतील, गाइडसारखीच शिष्ट आहे म्हणून. बोलले असतीलच.

बांगडे आणायला मी आता स्वतः मासळीबाजारात जायची. ताईची आई कधीकधी ओळखीच्या बाईकडे माझ्यासाठी बांगड्यांचा डबा पाठवायची. वर एकदा भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, तांदळाच्या, रुमालात. निरोप होता, 'मासा नाय खात तं नुसती भाकर खा.' मी त्या प्रयोगशाळेतल्या टेबलाशी बसून खाल्ल्या. समोर बर्फातले बांगडे होते आणि मला एकदम रडू आलं.

यंत्र हळूहळू जमलं. रेघ शहाण्यासारखी चढायला लागली, पुन्हा पुन्हा करून बघितली तरी तशीच. लेख छापून आला. मी प्रबंध लिहिला. सरांनी प्रत्येक पान पेन्सिलनं तपासलं. लिहिलेल्या शब्दांत त्यांच्यासारखा माणूस नव्हता. तिथं त्यांना कोणाच्या आवाजाची गरज नव्हती.

शेवटची तोंडी परीक्षा सेमिनार हॉलमध्ये ठेवली होती. नागपूरकडून परीक्षक आले होते, मोठे नावाजलेले गृहस्थ, तोंडातल्या तोंडात बोलणारे, भरघोस मिशा. मी पहिल्यांदा त्या मिशाच बघितल्या. ओठ दिसतच नव्हते. आईवडील पुढच्या रांगेत बसले होते, आई नवी साडी नेसून. सर नेहमीच्या गाइडच्या जागेवर न बसता बाजूच्या भिंतीशी, जिथून मी समोरून दिसेन अशा खुर्चीवर बसले. विभागप्रमुखांनी त्यांना दोनदा पुढे बोलावलं. सरांनी हातानंच नको म्हटलं.

माझं सादरीकरण झालं. प्रश्न झाले. उत्तरं बरी दिली. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मग परीक्षक सरांकडे वळले आणि त्यांना काहीतरी विचारलं. पुढच्या कामाची दिशा काय, असा साधाच प्रश्न होता. सर त्यांच्याकडे बघत राहिले. हॉलमध्ये मागे कोणीतरी खुसखुसलं. परीक्षकांनी पुन्हा विचारलं, जरा वैतागून. मी सांगावं का, कसं सांगावं, माझं मलाच समजेना.

सर उभे राहिले. बाहीचं बटण चाचपलं. आणि मराठीत म्हणाले, "माफ करा. मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं येत नाही. तुम्ही विचारलेलं या मला सांगतील. यांचं बोलणं मला कळतं."

खुसखुस थांबली. विभागप्रमुख खाली बघायला लागले. मग परीक्षकांनी सरांकडे नाही, माझ्याकडे बघून प्रश्न विचारला, एरवीपेक्षा स्पष्ट. मी सरांकडे तोंड करून, सावकाश, तो पुन्हा म्हटला. सरांनी उत्तर दिलं. परीक्षकांनी पुढचा विचारला. असे आम्ही तिघं कितीतरी वेळ बोलत होतो. माझीच परीक्षा होती हे मीही विसरून गेले.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "तू फोनवर कधी बोलली नाहीस बाई." मी म्हणाले, "ते सांगण्यासारखं नव्हतं."

सरांच्या शिकवण्याचं पुढं काय झालं, ते त्यांना वाटलं होतं त्याहून फार वेगळं झालं नाही. तास कमी केले. नवीन विद्यार्थी दिला नाही. कोणी वाईट वागलं नाही. उलट सगळे फार जपून, फार मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसे बोलायला लागले. मला वाटतं त्यांना ते जास्त लागलं. काही काळानं ते निवृत्त झाले आणि पनवेलजवळच नेऱ्याला बहिणीकडे राहायला गेले. तोवर मला अंबाजोगाईला कॉलेजात नोकरी मिळाली होती.

फोन करता येत नसे, म्हणून मेसेज करायचो. त्यांचे मेसेज शुद्धलेखन तपासलेले असायचे, पूर्णविरामासकट. पहिली दोन वर्षं बरेच आले. मग सणांपुरते.

एकदा मुंबईत काम निघालं तेव्हा मी नेऱ्याला गेले. डोंगराच्या पायथ्याला घर, पुढं वांग्या-मिरचीचं छोटं शेत, आजूबाजूला शहरातल्या लोकांची फार्महाऊस. त्यातल्या एकातून गाण्यांचा दणदणाट येत होता. बहीण कान झाकून म्हणाली, "शनिवार-रविवारी जीव नको होतो. हा एक सुखी आहे." सर ओसरीवर बसले होते. केस सगळे पांढरे, पण बाह्यांची बटणं लावलेलीच. मला बघून उठले आणि आधी खुर्ची उजेडाकडे फिरवली.

"काम कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"छान चाललंय, सर."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "नीट सांगा," म्हणाले.

मग मी सांगितलं. कॉलेजात यंत्र नाही, विकर आणायला पैसे मिळत नाहीत, पहिल्या वर्षाच्या मुलांना क्षार ओळखायला शिकवते, दांडी घासून किती वर्षं झाली आठवत नाही. प्रयोगशाळेच्या त्या खोलीत आता जुन्या खुर्च्या रचून ठेवल्यात, हेही सांगितलं. सर ऐकत होते, म्हणजे बघत होते.

"हात शिवशिवतात का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझेही," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी बहिणीला चहा ठेवायला सांगितलं.

संध्याकाळच्या आधीची बस होती. ते मला थांब्यापर्यंत सोडायला आले. रस्ता अरुंद, दोन्हीकडे गवत. ते शेतातल्या वांग्यांबद्दल काहीतरी सांगत होते, रस्त्याच्या मधोमध चालत. मागून विटांचा ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवत. मी "सर!" म्हणून ओरडले आणि त्याच क्षणी ओरडून उपयोग नाही हे आठवलं. दंडाला धरून त्यांना ओढलं. दोघंही गवतात गेलो. ट्रॅक्टरवाला जाता जाता रागानं काहीतरी म्हणाला. सरांनी मला विचारलं नाही काय म्हणाला ते. बाही नीट केली. "सवयीनं मधून चालतो," म्हणाले. पुढचा रस्ताभर ते कडेनं चालले आणि बोलले नाहीत, कारण एकामागे एक चालताना त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

बस आली. मी मागच्या सीटवर बसले, काचेतून बघत. त्यांनी हात वर केला आणि घराकडे वळले. थोडं चालले की मान वळवून मागं बघायचे, पुन्हा थोडं चालले की पुन्हा. मला वाटलं माझ्यासाठी बघतायत, म्हणून मी काचेवर हात टेकवून हलवत राहिले. मग एक मोटारसायकल समोरून येऊन आमच्या बसशेजारून त्यांच्या दिशेनं गेली, आणि सर लगेच गवतात उतरून उभे राहिले, ती पुढं जाईपर्यंत. तेव्हा मला कळलं ते कशासाठी मागं बघत होते. मी हात खाली घेतला. बस पनवेलकडे वळली.